सुतारशाळेतली धूळ आणि भोवऱ्याची बादली



मागच्या महिन्यात आपल्या मंडळीतील काही बंधुभगिनी आमची सुतारशाळा पाहायला आल्या होत्या. मुलांनी केलेली बाके, देवघरे, शाळेसाठी बनवलेले फळे त्यांनी कौतुकाने पाहिले. निघताना एका काकूंचे लक्ष कोपऱ्यात गेले. तिथे चाकांच्या पाटावर व्हॅक्यूमचे यंत्र, त्याच्या शेजारी झाकणाची निळी बादली आणि त्या झाकणावर उभे बसवलेले काळे नरसाळे होते. "हे काय हो? आणि एवढ्या पैशांत मुलांना दोन रंधे आले नसते का?" असे त्यांनी विचारले. गाडी सुटायची वेळ झाली होती, म्हणून मी घाईघाईत काहीतरी उत्तर दिले. प्रश्न मात्र रास्त होता. आपल्या अर्पणाचा पैसा कुठे जातो हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि नीट उत्तर देणे हे माझे काम आहे. म्हणून हा लेख.

एका खोकल्याची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा एक मुलगा आमच्याकडे शिकत होता. नाव सांगत नाही. हात अतिशय चांगला. पॉलिश पेपर लावायचे आणि सँडर चालवायचे काम मिस्त्रीकाका त्यालाच देत, कारण पृष्ठभाग आरशासारखा करायची त्याला हौस होती. डिसेंबरात त्याला खोकला लागला. जानेवारी संपला तरी थांबेना. सुट्टीला घरी गेला तेव्हा त्याची आई घाबरली. पाड्यावर लांबलेला खोकला म्हटला की पहिला शब्द तोंडात येतो तो टीबी. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासली, क्ष-किरण फोटो काढला. टीबी नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, "हा काम काय करतो?"

मी सांगितले. ते म्हणाले, "महिनाभर धुळीपासून लांब ठेवा." तसे ठेवले आणि खोकला बसला. एका मुलाच्या खोकल्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. पण त्या रात्री सुतारशाळेत बॅटरीचा उजेड टाकून पाहिला. काम थांबून दोन तास झाले होते, तरी त्या उजेडाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. त्या मुलाला वीटभट्टीवर जावे लागू नये म्हणून आपण त्याला हुन्नर शिकवत होतो, आणि हुन्नराबरोबर ही हवाही देत होतो.

भुसा दिसतो तो, आणि न दिसणारा

करवतीखाली पडतो तो जाड भुसा आणि रंध्यातून निघतात त्या ढलप्या फारसा त्रास देत नाहीत. त्या जमिनीवर पडतात, झाडूने निघतात. त्रास देते ती बारीक धूळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी ७०. ज्या कणांचा आकार १० मायक्रोमीटरहून कमी असतो ते नाक-घसा ओलांडून खाली उतरतात. ४ मायक्रोमीटरच्या आसपासचे आणि त्याहून बारीक कण फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. सँडर अशीच धूळ मोठ्या प्रमाणात करतो. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तासन्‌तास खाली बसत नाही. झाडू मारला की पुन्हा वर उठते.

इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचे गाव खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध होते. तिथे कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या आतल्या पोकळीचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे येणाऱ्या फर्निचर कामगारांत वारंवार दिसतो. त्यांनी आणि डोनाल्ड अ‍ॅचेसन यांनी अभ्यास करून १९६० च्या दशकात हा संबंध जगापुढे मांडला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. हा कर्करोग क्वचितच होतो आणि व्हायला बरीच वर्षे लागतात. दमा, सर्दी, डोळ्यांची आग आणि अंगावर पुरळ मात्र कितीतरी सुताराच्या घरी ओळखीचे असतात. शिसवासारख्या काही लाकडांची धूळ कातडीला विशेष लागते.

आदिवासी भागात काम करणाऱ्यांना धुळीची आणखी एक कहाणी ठाऊक आहे. मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातेत गारगोटीचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. कितीतरी तरुण गेले. त्या आजाराला पुष्कळदा टीबी समजून औषधे दिली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. लाकडाची धूळ ही दगडाच्या धुळीसारखी नाही, दोन्ही एका तराजूत घालू नयेत. पण धडा एकच आहे. गरीब माणूस कामाला जातो तेव्हा तो कोणती हवा घेतो, हे पाहायची जबाबदारी काम देणाऱ्याची असते. आमच्या सुतारशाळेत काम देणारे आपणच आहोत.

नुसते व्हॅक्यूम का पुरले नाही

एका हितचिंतकांनी आम्हाला वर्कशॉपचे व्हॅक्यूम भेट दिले होते. सँडरच्या मागच्या तोंडाला त्याचा पाइप जोडला की धूळ जिथे तयार होते तिथेच ओढली जाते. हीच धुळीवरची सर्वांत चांगली रीत. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ अर्ध्यावर आली. उघडून पाहिले तर टाकी निम्मीसुद्धा भरली नव्हती, पण घड्यांच्या कागदी फिल्टरवर धुळीचा जाड थर बसला होता. हवा त्यातूनच बाहेर पडते. थर बसला की हवा अडते, हवा अडली की ओढ संपते आणि धूळ पुन्हा खोलीत. मुले मग फिल्टर काढून दारामागे आपटायची. त्यात जी धूळ उडायची ती सगळी आपटणाऱ्याच्या तोंडावर. फिल्टरचा कागदही आपटून फाटतो, आणि नवा फिल्टर स्वस्त नसतो.

म्हणजे हवे होते ते एवढेच: धूळ फिल्टरपर्यंत जाण्याआधीच वाटेत कुठेतरी बाजूला काढणे. तेच काम ते काळे नरसाळे करते. त्याला सायक्लोन म्हणतात.

गोफणीचे तत्त्व

आपल्याकडे शेतात पाखरे हाकायला गोफण वापरतात. दगड गोल फिरत असतो तोवर तो बाहेर पळायला पाहतो, दोरी त्याला धरून ठेवते. दोरी सुटली की दगड सरळ निघून जातो. सायक्लोनमध्ये दगडाच्या जागी भुसा आहे, आणि दोरी कुठेच नाही.

नरसाळ्याचे वरचे तोंड रुंद आणि खालचे अरुंद. बाजूचे नळकांडे भिंतीला घासून आत शिरते, म्हणजे हवा सरळ मध्यात न जाता भिंतीला धरून गरगर फिरू लागते. व्हॅक्यूमच्या ओढीने ही हवा तासाला ७० किलोमीटरच्या आसपास वेगाने आत येते आणि ओंजळीएवढ्या वर्तुळात फिरते. त्या फिरण्यात भुशाच्या कणाला बाहेर ढकलणारा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट होतो. कण भिंतीवर जातो, भिंतीला घासून मंदावतो आणि गोल गोल उतरत खालच्या भोकातून बादलीत पडतो. हवा हलकी असते. ती खाली जाऊन वळते आणि मधोमध बारीक भोवरा करून वर चढते. वरच्या मधल्या नळीतून ती व्हॅक्यूमकडे जाते. एकाच नरसाळ्यात दोन भोवरे असतात: बाहेरचा खाली जाणारा आणि आतला वर येणारा. यात एकही फिरता भाग नाही, जाळी नाही, कागद नाही. अडकायला काहीच नाही, म्हणून ओढ कमी होत नाही.

ही युक्ती नवीन नाही. अमेरिकेत १८८५ मध्ये धूळ गोळा करणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट घेतले गेले, आणि पीठगिरण्या व लाकूडगिरण्यांनी ते उचलले. आपण ते पाहिलेलेही असेल. मोठ्या भात गिरणीच्या छपरावर पत्र्याचे जे भलेमोठे नरसाळे असते, ज्याच्या खाली कोंडा पडतो, ते हेच. इंग्लंडचे जेम्स डायसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लाकूडगिरणीवरचे असेच नरसाळे पाहिले आणि ते घरगुती व्हॅक्यूममध्ये बसवायचे ठरवले. मनासारखे जमेपर्यंत त्यांनी ५,१२७ नमुने केले. आमच्यावर तेवढी वेळ आली नाही, पण चुका आम्हीही केल्या. त्या सांगतो, म्हणजे कुणी पुन्हा करू नये.

जोडणी, आणि आमच्या चार चुका

आम्ही तयार प्लास्टिकचा सायक्लोन विकत आणला. बादलीच्या झाकणाला गोल भोक पाडले, सायक्लोन त्यावर स्क्रूने बसवला आणि खालून रबराचा वॉशर घातला. सँडरचा पाइप सायक्लोनच्या बाजूच्या तोंडाला आणि व्हॅक्यूमचा पाइप वरच्या मधल्या तोंडाला. एवढेच काम. दुपारपर्यंत झाले.

पहिली चूक लगेच झाली. एका मुलाने दोन्ही पाइप उलटे जोडले. धूळ मधल्या तोंडातून आली, भोवरा झालाच नाही आणि सगळा भुसा थेट व्हॅक्यूममध्ये गेला. आता बाजूच्या तोंडावर लाल रंगाने "सँडर" आणि वरच्या तोंडावर "व्हॅक्यूम" असे लिहिले आहे.

दुसरी चूक माझी. पैसे वाचवायला मी रंगाची रिकामी पातळ बादली दिली. कामाच्या मध्येच सँडरच्या तोंडाशी लाकडाचा तुकडा अडकला, पाइप बंद झाला आणि धाडकन आवाज होऊन बादली चेपली. मुले हसली, मी घाबरलो. नंतर मिस्त्रीकाकांनी जमिनीवर खडूने हिशोब मांडला. वर्कशॉपचे व्हॅक्यूम तोंड पूर्ण बंद झाल्यावर साधारण २० किलोपास्कलची ओढ लावू शकते. बादलीचे झाकण ३० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर बाहेरची हवा त्या झाकणावर सुमारे १४० किलोंचा भार देते. म्हणजे दोन मोठी माणसे झाकणावर उभी. म्हणून बादली जाड हवी. आम्ही आता रसायनाचा जाड भिंतीचा ड्रम वापरतो, तोही आधी नीट धुऊन वाळवलेला.

तिसरी चूक फटीची. ड्रम जाड आला, पण झाकण घट्ट बसत नव्हते. आवाज तोच, ओढ बरी, पण व्हॅक्यूममध्ये पुन्हा भुसा जायला लागला. कारण समजायला दोन दिवस लागले. नरसाळ्याच्या तळाशी, भोवऱ्याच्या मधोमध हवेचा दाब सर्वांत कमी असतो. झाकणाला केसाएवढी फट असली तरी बाहेरची हवा तिथून आत घुसते आणि ड्रममध्ये पडलेला भुसा उचलून मधल्या भोवऱ्यातून वर नेते. झाकणाला दाराची रबरी पट्टी लावली आणि सायक्लोनच्या बुडाशी सिलिकॉन भरले, तेव्हा काम झाले. ज्यांना आपल्या जोडणीत भुसा निसटताना दिसतो त्यांनी सर्वांत आधी झाकण तपासावे.

चौथी चूक आळसाची. ड्रम काठोकाठ भरू दिला. भुशाचा ढीग नरसाळ्याच्या तोंडाशी आला की भोवरा तो पुन्हा उचलतो. आता ड्रमवर दोन तृतीयांशाला पांढरी रेघ आहे. रेघ आली की रिकामा करायचा. रिकामा करायला सोपे जावे म्हणून एका मुलाने आत प्लास्टिकची पिशवी घालून पाहिली. पिशवी ओढीने वर आली आणि नरसाळ्याच्या तोंडाला चिकटली. तो नाद सोडला.

हे यंत्र काय करत नाही

देणगीदारांना सगळे चांगलेच सांगावे असा मोह होतो, पण ते बरे नाही. सायक्लोन जाड भुसा, ढलप्या आणि बरीचशी धूळ ड्रममध्ये टाकतो. वजनाने पाहिले तर फार थोडे पुढे जाते. पण जे पुढे जाते तेच सर्वांत बारीक असते. कण जितका बारीक तितका त्याला हवेचा विरोध जास्त जाणवतो. दहापट बारीक कण भिंतीकडे शंभरपट हळू सरकतो आणि भिंतीला लागायच्या आधीच वर ओढला जातो. फुप्फुसाला घातक तीच धूळ. म्हणून व्हॅक्यूममधला फिल्टर काढून टाकायचा नाही. उलट त्या जागी आम्ही हेपा फिल्टर बसवला. आधी तो परवडला नसता, कारण दोन दिवसांत बुजला असता. आता सायक्लोन ओझे उचलतो आणि फिल्टर फक्त बारीक काम करतो. तीन महिन्यांत तो एकदाच साफ करावा लागला, तोही बाहेर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून आणि मास्क लावून.

मास्कची सक्तीही तशीच आहे. रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही. एन ९५ किंवा त्याच दर्जाचा मास्क, नाकावर नीट दाबून.

दुसरे म्हणजे, हे यंत्र सँडर, राऊटर, हातकरवत, जमीन आणि बाक यांच्यासाठी आहे. आमच्या रंधा मशीनमधून एका मिनिटात जेवढ्या ढलप्या निघतात तेवढ्या या बारीक पाइपातून जात नाहीत. त्याला चार इंची पाइपाचा, कमी ओढीचा पण पुष्कळ हवा हलवणारा वेगळा पंखा लागतो. तो आमच्याकडे नाही. सध्या रंधा मशीन आम्ही पडवीत ठेवून चालवतो.

तिसरी गोष्ट आगीची. लोखंड घासायचे ग्राइंडर या पाइपाला कधीही जोडायचे नाही. एक ठिणगी ड्रममधल्या भुशात गेली तर ती तासन्‌तास धुमसू शकते आणि मध्यरात्री पेट घेऊ शकते. म्हणून रोज संध्याकाळी ड्रम इमारतीबाहेर रिकामा होतो. कोरड्या थंडीत प्लास्टिकच्या पाइपातून भुसा धावताना स्थिर वीज साठते आणि हाताला चटका बसतो. ड्रमच्या स्क्रूपासून अर्थिंगपर्यंत तांब्याची तार जोडल्यावर चटके बरेच कमी झाले.

भुशाचे काय करतो, असेही कुणी विचारले होते. साध्या लाकडाच्या ढलप्या पाड्यावरच्या बायका कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरायला नेतात. प्लायवुड आणि एमडीएफचा भुसा मात्र कुणाला देत नाही, कारण त्यात रसायनी गोंद असतो. तो चुलीत घालायचा नाही, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

काकूंना उत्तर

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. सायक्लोन, ड्रम, पाइप आणि वॉशर मिळून जो खर्च झाला त्यात दोन चांगले रंधे खरोखरच आले असते. पण आमच्याकडे रंध्यांपेक्षा मुले मोलाची आहेत, आणि ती इथून जाताना फक्त हुन्नर घेऊन जावीत अशी आमची इच्छा आहे. ज्याच्यापासून हे सुरू झाले तो मुलगा परत आला आहे. सँडर पुन्हा त्याच्याच हातात आहे. पाइप जोडल्याशिवाय तो बटण दाबत नाही, आणि नव्या मुलांनी मास्क हनुवटीवर उतरवला की त्यांना ओरडतो. पुढच्या वर्षी त्याला गावीच दुकान काढायचे आहे. "मला रंधा नंतर घ्या, आधी असली बादली करून द्या," असे तो परवा मिस्त्रीकाकांना म्हणाला.

मार्ककृत शुभवर्तमानात नासरेथचे लोक प्रभू येशूला सुतार म्हणून ओळखतात. वर्षानुवर्षे भुशात काम केलेल्या हातांनीच त्याने पुढे आजाऱ्यांना स्पर्श केला. आपल्या मंडळीतही सुतारकाम करणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. या रविवारी उपासनेनंतर त्यांच्यापैकी एखाद्याला सहज विचारा, "दुकानात धुळीचे काय करता?" जाड बादली, घट्ट झाकण आणि एक नरसाळे एवढ्यावर हे काम होते. जोडणी समजून घ्यायला कुणाला सुतारशाळेत यायचे असेल तर कोणत्याही शनिवारी या. आमची मुलेच तुम्हाला दाखवतील. चेपलेली बादली आम्ही मुद्दाम ठेवली आहे, तीही पाहा.